घर आणि आरोग्य : गर्भिणीची पाठ व चौकटीवरील खूण

मुलांची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनें नोंदून ठेवण्याची चाल आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असेल. आमच्या माजघराच्या दारावर अशा खुणांची एक शिडीच झाली आहे, आणि तिच्यावरून भावंडांत वर्षाकाठीं एक तरी तंटा होतो. गेल्या दिवाळींतला तंटा मात्र निराळा होता. नरकचतुर्दशीस अभ्यंगस्नान उरकतांच थोरल्या नातवानें आपली खूण करून घेतली. रात्रीं पानें उचलल्यावर धाकट्यानें "तूं टाचा उंचावल्या होत्यास" असा आक्षेप घेतला व पुन्हां मोजणी करावयास लाविली. खूण चांगली जवभर खालीं आली. मुलगा रडवेला झाला आणि वडील मंडळींनीं हंसत हंसत लबाडीचा निकाल दिला. वस्तुतः मुलगाही खरा होता व चौकटही खरी होती. मनुष्य सकाळीं जेवढा उंच असतो तेवढा रात्रीं नसतो.

हा प्रसंग आज आठवण्यास एक पत्र कारण झालें आहे. एका मोठ्या एकत्र कुटुंबांतील सासूबाईंनीं तें आम्हांस लिहिलें आहे. त्यांच्या धाकट्या सुनेस सातवा महिना चालूं आहे. दिवेलागणीच्या सुमारास तिची कंबर इतकी भरून येते कीं, ओट्याशीं उभें राहणें तिला जड जातें. घरांतील आत्याबाईंचें मत असें कीं, पोट पुढें काढून चालण्याची वाईट संवय हेंच याचें मूळ आहे. थोरल्या जावेचें मत, हीं सर्व माहेरीं लवकर जाण्याचीं निमित्तें आहेत. चिरंजीवांचें मत, पाठीचा एकदां क्ष-किरणांनीं फोटो काढावा म्हणजे वाद मिटेल. पत्राच्या शेवटीं बाईंनीं जो प्रश्न केला आहे तो आम्हांस फार प्रामाणिक वाटला. त्या विचारतात, "मुलीचें दुखणें खरें आहे कीं मनाचें, हें तिला व गर्भाला अपाय न होतां मोजून पाहण्याची कांहीं सोय आहे काय?"

सोय आहे. परंतु तिच्यानें काय कळतें व काय कळत नाहीं हें नीट पाहिलें पाहिजे, आणि त्याकरितां चौकटीवरच्या खुणेपासून आरंभ करणेंच बरें.

सकाळ-रात्रीच्या उंचींतील फरक ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. इंग्लंडांत नॉर्थँप्टनशायर परगण्यांत एन्हो नांवाचें गांव आहे. तेथील धर्मोपदेशक वॅस यांनीं या फरकासंबंधीं लिहिलेलें पत्र लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत 1724 सालीं छापलें गेलें. बैठें काम करणारे व मोलमजुरी करणारे अशा दोन्ही प्रकारच्या पुष्कळ माणसांस या गृहस्थांनीं मोजलें होतें. पुढें 1935 सालीं द पुकी नांवाच्या संशोधकानें 1,216 माणसें मोजून दिवसाकाठच्या घटीची सरासरी 15.7 मिलिमीटर असल्याचें प्रसिद्ध केलें, म्हणजे उंचीच्या शेंकडा एकाच्या आसपास. 1984 सालीं रायली, टिरेल व ट्रूप या तिघांनीं आठ तरुणांची उंची अहोरात्र पुनःपुन्हां घेऊन या घटीचें वेळापत्रकच मांडलें. दिवसांत जी उंची जाते तींतील निम्म्याहून अधिक उठल्यानंतरच्या पहिल्या तासांतच जाते, आणि रात्रीं जी परत येते तींतील दोनतृतीयांशाहून अधिक रात्रीच्या पूर्वार्धांतच येते. पहिल्या तासाची ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, पुढें तिचें काम पडणार आहे.

ही उंची जाते कोठें? हाडें कांहीं दिवसांत झिजून रात्रींत भरून येत नाहींत. आपल्या कण्यांत हलणारे मणके 24 आहेत, आणि दुसऱ्या मणक्यापासून खालीं त्रिकास्थीपर्यंत त्यांच्या सांध्यांत 23 मऊ गाद्या बसविलेल्या आहेत. कण्याच्या एकंदर लांबीचा सुमारें चतुर्थांश भाग या गाद्यांचाच असतो. गादीच्या पोटांत ताडगोळ्याच्या गरासारखा, पाण्यानें भरलेला, लिबलिबीत गोळा असतो, आणि त्याच्याभोंवतीं चिवट तंतूंचे वेढे असतात. हे वेढे बाजेच्या विणीप्रमाणें एकाआड एक उलट दिशेनें तिरपे गेलेले असतात. मनुष्य उभा राहिला कीं वरच्या भारानें गादींतील पाणी हळूहळू बाहेर पाझरतें व गादी बसते. तो आडवा झाला कीं भार उतरतो आणि गादी तें पाणी पुन्हां शोषून घेते. प्रौढ मनुष्याच्या गादीच्या अंतर्भागांत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळें तिचें पोषण आजूबाजूनें झिरपत येणाऱ्या द्रवावरच चालतें. तेव्हां आडवें होणें ही कण्याच्या दृष्टीनें चैन नव्हे. विहिरीस रात्रीं झरे भरून यावेत, तशी ती त्याची रोजची भरती आहे.

या गादीवर प्रत्यक्ष किती दाब पडतो हेंही मोजलें गेलें आहे, परंतु तें सुई खुपसून. स्वीडनमधील नाकेमसन यांनीं 1960 नंतरच्या वर्षांत जिवंत माणसांच्या कमरेच्या गादींत सुई घालून दाब मोजण्याचे प्रयोग केले. जर्मनींतील उल्म येथें विल्के व त्यांचे सहकारी यांनीं एका स्वयंसेवकाच्या गादींत बारीक दाबमापक बसवून त्याचा दिवस व रात्र दोन्ही मोजलीं. तीं मापें 1999 सालीं प्रसिद्ध झालीं. आडवें पडलें असतां दाब 0.1, उभें राहिलें असतां 0.5, आणि पाठ वांकवून 20 किलोचें ओझें उचलतांना 2.3, असे ते आंकडे आहेत. मोजण्याचें परिमाण मेगापास्कल असें आहे, परंतु तें नांव विसरलें तरी चालेल. आडव्या माणसाच्या पांचपट भार उभ्या माणसाच्या गादीवर असतो, आणि वांकून कळशी-बादली उचलणाराच्या गादीवर वीसपटीहून अधिक, एवढें ध्यानांत राहिलें म्हणजे पुरे. शिवाय सात तासांच्या झोपेंत त्या गादींतील दाब 0.1 वरून 0.24 पर्यंत चढला, म्हणजे पाणी भरल्याची खूणच तेथें उमटली. आतां हें उघड आहे कीं, असा प्रयोग गर्भिणीवर करण्याचें कोणाही शहाण्या माणसाच्या मनांत येणार नाहीं.

आणि गर्भिणीच्याच पाठीवर तर भाराची खरी कसोटी लागते. नऊ महिन्यांत दहा-बारा किलो वजन वाढतें, आणि तें पुढच्या बाजूस वाढतें, ही यांतील मेख आहे. डोक्यावर हंडा घेतलेली बाई ताठ चालूं शकते, परंतु पोटाशीं हंडा धरलेलीस मागें रेलावेंच लागतें. 2007 सालीं व्हिटकम, शॅपिरो व लीबरमन या अमेरिकेंतील संशोधकांनीं 19 गर्भिणींची उभें राहण्याची व चालण्याची ठेवण महिन्यामहिन्यास पाहून 'नेचर' या नियतकालिकांत जो लेख लिहिला तो मोठा मनोरंजक आहे. दिवस भरत येतात तसा स्त्रीच्या कमरेचा बांक वाढतो, कांहींचा तर शेंकडा 60 पर्यंत वाढतो, आणि त्यामुळें देहाचा तोल पुन्हां पायांवर येऊन बसतो. याहून नवलाची गोष्ट म्हणजे स्त्रीच्या कमरेंत हा बांक तीन पाचरीसारख्या मणक्यांवर वांटलेला असतो, तर पुरुषाच्या कमरेंत दोनच मणक्यांवर. दक्षिण आफ्रिकेंत सांपडलेल्या वीस लक्ष वर्षांपलीकडील मानवपूर्वजांच्या अस्थींतही हा भेद त्यांस आढळला. म्हणजे पोट पुढें आलें असतां पाठ मागें घेणें ही सूनबाईंनीं लाविलेली संवय नसून मनुष्यजात दोन पायांवर चालूं लागल्यापासूनची तजवीज आहे. आत्याबाईंनीं राग मानूं नये, परंतु या एका मुद्द्यावर आम्हांस त्यांची बाजू घेतां येत नाहीं.

शिवाय गर्भारपणांत शरीरांतील कांहीं रसांच्या योगें ओटीच्या हाडांचे सांधे सैल होत जातात. यांपैकीं रिलॅक्सिन नांवाचा रस हिसॉ यांनीं 1926 सालीं गिनीपिगांवर प्रयोग करितांना उघडकीस आणला. सांधे सैल, भार पुढें, आणि पोटाचे स्नायु ताणलेले, अशा स्थितींत निम्म्या किंवा त्याहूनही अधिक गर्भिणींची कंबर केव्हां ना केव्हां दुखते यांत आश्चर्य तें काय?

आतां चिरंजीवांच्या सूचनेकडे वळूं. क्ष-किरणांचा शोध राँटगेन यांनीं 1895 सालीं लाविला, आणि पुढें पन्नास-साठ वर्षें पाश्चात्य देशांत गर्भिणीच्या ओटीचें माप घेण्यासाठीं व मूल कसें आहे तें पाहण्यासाठीं हे किरण सर्रास वापरले जात. त्यांत कोणास वावगें वाटत नसे. ऑक्सफर्ड येथील डॉक्टर ॲलिस स्टुअर्ट यांनीं कर्करोगानें दगावलेल्या मुलांच्या मातांस बारकाईनें प्रश्न विचारून 1956 व 1958 सालीं दाखवून दिलें कीं, ज्यांच्या पोटाचे फोटो गर्भारपणांत काढले गेले होते अशा माता या मुलांत निरोगी मुलांच्या मानानें जवळजवळ दुप्पट आढळतात. बाईंच्या या म्हणण्यावर पुष्कळ वर्षें अविश्वास दाखविला गेला. 1962 सालीं अमेरिकेंत मॅकमॅहन यांनीं रुग्णालयांतील लेखी नोंदींवरून स्वतंत्र तपास केला, आणि त्यांसही वाढीव धोकाच आढळला. जिवावर बेतलें असतां डॉक्टर आजही योग्य ती काळजी घेऊन क्ष-किरणांचा आश्रय करितात, तो त्यांचा अधिकार आहे. परंतु कमरेचा बांक किती अंशांचा आहे एवढें पाहण्यासाठीं सातव्या महिन्यांत फोटो काढावा, ही कल्पना चिरंजीवांनीं सोडून द्यावी. चुंबकीय यंत्रानें काढलेल्या चित्रांत हे किरण नसतात हें खरें, पण त्या नळींत बहुधा निजावें लागतें, आणि निजल्यावर जो भार उतरतो तोच तर आपणांस पाहावयाचा असतो.

म्हणून संशोधकांनीं त्वचेच्या बाहेरूनच कणा मोजण्याच्या नाना युक्त्या काढल्या. कांहीं अगदीं घरगुती वाटाव्या अशा आहेत. गवंड्याचा ओळंबा कानाजवळून सोडून खांदा, कंबर व घोटा त्याच्या किती पुढें-मागें आहेत तें पाहावयाचें. वांकविल्यावर तशीच राहणारी पट्टी पाठीच्या मध्यरेषेवर दाबून तिचा आकार कागदावर उतरून घ्यावयाचा. चाकें लाविलेलें एक लहानसें यंत्र मानेपासून त्रिकास्थीपर्यंत फिरविलें कीं तें वळणांचे अंश आपण होऊन नोंदवितें. सर्वांत देखणी रीति प्रकाशाची आहे. उघड्या पाठीवर उजेडाचे समांतर पट्टे पाडतात. सपाट भिंतीवर ते सरळ दिसले असते, पण पाठीच्या उंचसखलपणानें ते वांकडे होतात, आणि त्या वांकडेपणावरून गणितानें पाठीचा सबंध नकाशा तयार होतो. स्पर्श नाहीं, किरणांचा धोका नाहीं, आणि काम क्षणार्धांत होतें.

परंतु येवढ्या युक्त्यांनीं मिळालेलीं उत्तरें मात्र एकमेकांशीं जुळत नाहींत. ऑस्ट्रेलियांतील बुलक, जल व बुलक यांनीं 1987 सालीं 34 गर्भिणींची पाठ मोजली, तेव्हां कमरेचा बांक व पाठीचा पोंक दोन्ही वाढलेले दिसले. जर्मनींत बेट्श व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रकाशपट्ट्यांच्या रीतीनें 13 गर्भिणींस मोजून 2015 सालीं लिहिलें कीं, पाठीचा पोंक वाढतो, कमरेचा बांक मात्र वाढल्याचें दिसत नाहीं. एकीची पाठ एका तऱ्हेनें तोल सांवरते, दुसरीची दुसऱ्या. शिवाय त्वचेवरून घेतलेलें माप म्हणजे उशीच्या अभ्र्यावरून आंतला कापूस चांचपणें होय. आमच्या मतें या सर्वांतील खरी महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. बुलक प्रभृतींनीं मोजलेल्या बांकाचा आणि कंबरदुखीचा ताळा घेऊन पाहिला, तर तो लागला नाहीं. अधिक बांकलेली अधिक कण्हते असें नाहीं, आणि ताठ दिसणारी सुखांत असते असेंही नाहीं. अमेरिकेंतील फ्रँकलिन व कॉनर-कर यांनाही 1998 सालीं हेंच आढळलें. तेव्हां सुनेच्या चालण्याकडे पाहून तिच्या दुखण्याची परीक्षा करणाऱ्या घरोघरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांस आमची विनंति आहे कीं, जें यंत्रांस दिसलें नाहीं तें आपल्या डोळ्यांस दिसतें असें त्यांनीं समजूं नये.

मग काय मोजावें? येथें आपली चौकटीवरची खूण पुन्हां उपयोगीं पडते. पाठीचा आकार दुखण्याविषयीं मुका असला, तरी पाठीची घट-भरती तशी मुकी नाहीं. 1984 सालीं एक्लुंड व कॉर्लेट यांनीं असा विचार मांडला कीं, भारानें कणा जितका बसतो तितकी उंची घटते, तेव्हां उंची पुरेशी बारकाईनें मोजली तर सुई न खुपसतां भाराचा अंदाज येईल. पुरेशी बारकाईनें, हे शब्द लिहावयास सोपे आहेत. मान किंचित् लवली, श्वास भरला, गुडघा सैल सुटला, तरी जो फरक मोजावयाचा त्याहून मोठी चूक होते. म्हणून त्यांच्या उंचीमापकांत मनुष्य थोडा मागें रेलून उभा राहतो. टाचा, बैठक, कंबर, पाठ व डोकें ठराविक ठिकाणीं टेकलेलीं असतात, आणि डोक्याची ठेवण प्रत्येक वेळीं तीच राहील अशी योजना केलेली असते. टांचेखालचें मांसही भारानें दबतें, म्हणून तें आधीं बसूं देतात. मोजली जाणारी व्यक्ति पुनःपुन्हां यंत्रांतून बाहेर येते व आंत उभी राहते. लागोपाठच्या मापांतील फरक अर्ध्या मिलिमीटराच्या आंत येईपर्यंत खऱ्या प्रयोगास हात घालीत नाहींत. शिकाऊ तंबोरा लावणाराची चिकाटी येथें लागते.

हीच रीति 2003 सालीं रोडाकी, फाउलर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गर्भिणींकडे वळविली. कंबर दुखणाऱ्या गर्भिणी, न दुखणाऱ्या गर्भिणी, आणि गर्भिणी नसलेल्या स्त्रिया अशा तऱ्हांच्या स्त्रिया त्यांनीं घेतल्या, त्यांस ठराविक श्रम करावयास सांगितलें, उंची किती घटली तें मोजलें, आणि मग विश्रांति देऊन ती किती परत आली तेंही मोजलें. बोध झाला तो या दुसऱ्या मापांत. ज्यांची कंबर दुखत होती त्यांची गेलेली उंची विश्रांतींत कमी परत येत होती. जितकी भरती कमी तितकें दुखणें अधिक, असा संबंध दिसला. श्रमानें गादी सर्वांचीच बसते, परंतु विसाव्यांत ती पुन्हां फुगणें हें सर्वांच्या वांट्यास सारखें येत नाहीं. असें कां व्हावें, याविषयीं एक पटण्याजोगी उपपत्ति आहे. जुनाट पाठदुखी असलेल्या, गर्भिणी नसलेल्या लोकांवर हीली व फाउलर यांनीं 2005 सालीं प्रयोग केले. त्यांत ज्यांचे पाठीचे स्नायु विश्रांतींतही आखडलेले राहतात त्यांची उंची सावकाश परत येते असें आढळलें. मनुष्य निजला तरी त्याचे स्नायु कण्यास आंवळूनच धरतात, मग पाणी शिरणार कोठून?

या प्रयोगांतील स्त्रियांची संख्या थोडी आहे हें आम्हांस मान्य आहे. थोड्यांवरून सर्वांचा सिद्धांत काढूं नये. परंतु बाईंच्या प्रश्नाचें उत्तर देण्यापुरती सामग्री येथें खास आहे. वेदना मोजणारें यंत्र कोणी केलेलें नाहीं, आणि अमक्या मुलीचें दुखणें खरें कीं खोटें हें सांगणारी पट्टी बाजारांत मिळणार नाहीं. तथापि "दुपारीं तासभर पडली होती, तरी हिची कंबर उतरत नाहीं म्हणजे हें ढोंग" असा जो तर्क घरांत चालतो, त्याच्या अगदीं उलट साक्ष या मापांनीं दिली आहे. ज्यांची खरोखर दुखते त्यांच्याच पाठीस तेवढा विसावा पुरत नाहीं. तीस अधिक वेळ लागतो. लबाडीचा निकाल देण्यांत आमच्या घरीं दिवाळींत जी चूक झाली, तीच येथें होते.

आतां रोजच्या व्यवहाराकडे. पहिल्या तासाची गोष्ट आम्हीं वर ध्यानांत ठेवण्यास सांगितली होती. सकाळीं गाद्या पाण्यानें टंच भरलेल्या असतात, आणि अशा वेळीं वांकलें असतां त्यांच्यावर व त्यांच्या बंधनांवर ताण अधिक पडतो. जुनाट पाठदुखीच्या लोकांस पहांटे वांकणें टाळावयास लावून स्नूक यांनीं 1998 सालीं अमेरिकेंत प्रयोग केला, तेव्हां त्यांचें दुखणें कमी झालें. ते लोक गर्भिणी नव्हते, पण गर्भिणीस हा नियम लावण्यांत तोटा तो कोणता? आणि आपल्या घरांत पहिल्या तासांत काय चालतें? केर काढणें, पाण्याच्या बादल्या भरणें, अंथरुणें गुंडाळून वर ठेवणें, देवघर पुसणें. घरांत सर्वांत लहान सून म्हणून जीं कामें तिच्याकडे येतात, तीं बहुधा वांकण्याचीं व उचलण्याचींच असतात. तीं कामें दुसऱ्याकडे देऊन निवडणें, चिरणें, ताक करणें अशीं कामें तिला द्यावीं, आणि तींही खुर्चीवर टेकून बसून. ओट्याशीं उभें राहणें प्राप्तच असेल तर पायाखालीं एक पाट ठेवून आळीपाळीनें एकेक पाऊल त्यावर ठेवावें, कमरेस थोडा उतार पडतो.

दुपारीं मात्र तिनें निजावें. बसून वाचणें, बसून भरतकाम करणें ही विश्रांति नव्हे. बसल्यानें भार उतरत नाहीं. तो उभ्याहून अधिक कीं कमी याविषयीं नाकेमसन व विल्के यांच्या मापांत मतभेद आहे, पण निजलेल्याच्या कितीतरी पट आहे याबद्दल नाहीं. शेवटच्या महिन्यांत उताणें निजूं नये, कुशीवर निजावें, दोन गुडघ्यांत एक उशी व पोटाखालीं एक घडी द्यावी. आणि कामाच्या ओघांत दोनतीनदां दहापंधरा मिनिटें आडवें होणें हें दिवसअखेर एकदम कोसळण्याहून बरें. याचा अर्थ दिवसभर खाटेस खिळावें असा कोणी करूं नये. डॉक्टरांनीं मना केलें नसेल तर रोज चालणें व शिकविलेले हलके व्यायाम चालूं ठेवण्यानें पाठ बरी राहते, असाच आजवरच्या तपासण्यांचा कल आहे. डोहाळजेवणाच्या दिवशींही मुलीस फुलांचे दागिने घालून तीन तीन तास चौरंगावर सरळ बसवून ठेवितात. हौस अवश्य करावी, पण पाठीशीं एक लोड द्यावा.

एक सावधगिरीची सूचना येथेंच करितों. कंबर ठराविक अंतरानें कळा आल्यासारखी दुखूं लागली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलें, दुखण्याबरोबर ताप व लघवीस जळजळ असली, पायांतील शक्ति कमी झाली किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटला, तर उंची, गाद्या व विश्रांति यांचा विचार बाजूस ठेवून तत्काळ डॉक्टरांकडे जावें. तेथें एका रात्रीचाही विलंब करूं नये.

थोरल्या जावेच्या मताबद्दल आम्ही काय लिहावें? पहिल्या बाळंतपणास सातव्या-आठव्या महिन्यांत माहेरीं पाठविण्याची आपली जुनी चाल आहे. तींत लाडापेक्षां एक व्यवहाराची गोष्ट आम्हांस अधिक दिसते. माहेरीं मुलगी दुपारीं कोणास न विचारतां आडवी होते, आणि ती किती वेळ निजली याचा हिशेब तेथें कोणी ठेवीत नाहीं. सूनबाई लवकर जाऊं म्हणत असतील तर त्या निमित्त शोधीत नसून जागा शोधीत असतील. तीच जागा सासरच्या घरांत एखाद्या खोलींत, दार लोटून, दुपारच्या दोन तासांपुरती मिळाली, तर जाण्याची घाई कदाचित् त्यांनाही उरणार नाहीं.

सुनेची उंची सकाळ-संध्याकाळ चौकटीवर मांडून पाहावी काय, असेंही बाईंनीं ताजा कलम लिहून विचारलें आहे. पाहूं नये. ज्या मिलिमीटरांचा हा खेळ आहे ते पेन्सिलीच्या टोकांतच हरवतात, अंबाडा सोडला-बांधला तरी माप बदलतें, आणि मुख्य म्हणजे त्या मुलीस दिवसांतून दोनदां परीक्षेस उभें करण्यासारखें तें होईल. खूण करावयाची तर नातवंडांची करावी, आणि ती सकाळची कीं रात्रीची हें शेजारीं लिहून ठेवावें. आमच्या माजघराच्या दारावर त्या नरकचतुर्दशीच्या खुणेपुढें आतां 'सकाळ' असा शब्द लिहिलेला आहे. धाकट्यानें तो वाचला, आणि दुसऱ्याच दिवशीं पहांटे अंथरुणांतून उठून, तोंडही न धुतां, तो पेन्सिल घेऊन चौकटीशीं जाऊन उभा राहिला.